बिनपगारी सहा महिने कोणाला परवडतात?

पत्र (थोडं कमी करून):

"ताई, मी २५ वर्षांची आहे. एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर काम करते. वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत, आई तीन घरी स्वयंपाक करते. बारावीपासून कथा लिहिते. दोन छापून आल्या, मानधन एकीचंच आलं. आता एका मोठ्या डिजिटल माध्यमसंस्थेने सहा महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. पगार नाही. 'शिकायला मिळेल, ओळखी होतील' म्हणतात. शहर दुसरं, राहण्याजेवण्याचं माझं मी बघायचं. माझ्यासोबत निवड झालेल्या दोघींनी लगेच होकार दिला. एकीची मावशी तिथेच राहते, दुसरीला घरून पैसे येणार आहेत. एका संपादकांना माझी घड्याळजीची कथा दाखवली, तर ते म्हणाले, 'हे राहू दे, आईवर लिही, ते तुझं खरं.' त्यांच्या ऑफिसात माझ्या 'ण' आणि 'न' वरून कोणीतरी हसलंही. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. लेखन हे पैसेवाल्यांचंच काम आहे का? असेल तर सरळ सांगा, मी नाद सोडते. कथा सोबत जोडली आहे."

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही एकेरीवरच येते.

आधी इंटर्नशिपचं, कारण त्याला तारीख असणार. आहे त्या अटीवर जाऊ नकोस. ती संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. पण तुझ्या बाबतीत बिनपगारी सहा महिने म्हणजे दोन खड्डे आहेत. दवाखान्याचा पगार बंद होणार, आणि वर परक्या शहरातला खर्च सुरू होणार. सहा महिन्यांनी नोकरी देऊ असं त्यांनी लेखी दिल्याचं तू म्हटलेलं नाहीस, म्हणजे दिलेलं नसावं. मग पुढे नोकरी कोणाला लागते? जी आणखी तीन-चार महिने तशीच थांबू शकते तिला. संस्थेला वाटतं आपण गुणवत्तेवर निवड केली. त्यांच्या अर्जात घरच्या उत्पन्नाचा रकाना नसतो, तरी चाळणी लागते, आणि ती लागल्याचं चाळणाऱ्यालाही कळत नाही.

पण नुसता नकारही देऊ नकोस. एवढंच लिहून पाठव: "निवडीबद्दल आभार. सहा महिने विनावेतन काम करणं मला शक्य नाही. आठवड्याला दोन लेख घरून, प्रत्येक लेखाला मानधन आणि माझं नाव, अशा पद्धतीने काम देता येईल का?" या मजकुरात घरची परिस्थिती आणू नकोस, आईचं काम नको, वडिलांची रात्रपाळी नको. शक्य नाही, हे कारण पुरेसं आहे. त्या दोघींना 'हो' म्हणताना मावशीचा पत्ता द्यावा लागला नव्हता. त्यांनी भाड्यापुरतं विद्यावेतन देऊ केलं तर पुन्हा विचार कर, पण तेव्हाही दवाखान्यातून राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते विचार.

आता तुझा मोठा प्रश्न.

१९२९ साली इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी एका निबंधात लिहिलं, की बाईला कथा-कादंबरी लिहायची असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. आपल्याकडे हे वाक्य सांगणारे बहुतेक जण खोलीपाशीच थांबतात. पाचशे पौंडांचं काय? त्या निबंधातल्या निवेदिकेला ते मिळतात नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईच्या मृत्युपत्रातून, आणि ती बाई वारलेली असते मुंबईत, हवा खायला घोड्यावरून निघालेली असताना पडून. (मुंबईत तिचा घोडा कोणाच्या जिवावर दौडत होता, हे निबंधात येत नाही. आपल्याला तो प्रश्न पडला तर हरकत नसावी.) हे पैसे येण्याआधी निवेदिका वर्तमानपत्रांची किरकोळ कामं करायची, पाकिटांवर पत्ते लिहायची, म्हाताऱ्या बायकांना वाचून दाखवायची. त्या दिवसांबद्दल ती म्हणते की कामापेक्षाही जास्त झोंबली ती त्या दिवसांनी आत साठवलेली भीती आणि कडवटपणा. तुझं पत्र वाचताना मला हाच भाग आठवत राहिला. तू काउंटरवर बसतेस याची मला चिंता नाही. त्या दोघींबद्दल लिहिताना तुझी वाक्यं आखडली आहेत, त्याची आहे.

पैशाचं चित्र इतरत्रही फार वेगळं नाही. ब्रिटनमधल्या लेखकांच्या मानधनाची वसुली करणारी ए. एल. सी. एस. नावाची संस्था आहे. तिच्यासाठी झालेल्या २०२२ च्या पाहणीत, कामाचा निम्म्याहून अधिक वेळ लेखनाला देणाऱ्या लेखकांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याची लेखनातली वर्षाची कमाई ७,००० पौंड निघाली. २००६ मध्ये हाच आकडा १२,३३० पौंड होता. आणि ही मंडळी इंग्रजीत लिहितात, जगभर विकल्या जाणाऱ्या भाषेत. मराठीत पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-पाचशे प्रतींची. रॉयल्टी दहा टक्क्यांच्या आसपास धरली, तर शंभर प्रती खपल्यावर दहा प्रतींची किंमत लेखकाची. हिशेब तू काउंटरवर बसून माझ्यापेक्षा लवकर करशील.

म्हणजे निव्वळ साहित्यावर घर चालवणारे मराठी लेखक हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बाकीचे सगळे दुसऱ्या कुठल्या तरी पैशावर लिहितात. कोणी प्राध्यापकीच्या पगारावर, कोणी नवऱ्याच्या, कोणी वडिलोपार्जित घरावर, कोणी बँकेतल्या खुर्चीवर. पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा परिचय असतो, पण त्यात 'घरभाडं द्यावं लागत नव्हतं' हे वाक्य कधी नसतं. त्यामुळे तुझ्यासारखीला वाटतं की ही माणसं लेखनावर जगतात आणि मीच तेवढी नोकरी करते.

चांगल्या घरातून येणाऱ्याला आणखी काय मिळतं, तेही बघ. घरात पुस्तकं असतात, हे खरं, पण ते वाचनालयात भागतं. कोणाला फोन करायचा हे माहीत असतं. तेही दोन-तीन वर्षांत जमतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला वाईट लिहायची मुभा असते. पहिला कवितासंग्रह फसला तर घरी कोणी म्हणत नाही की झालं ना आता समाधान. दुसरा येतो, तिसऱ्यात कुठे तरी सूर सापडतो. तुझ्यासारखीला पहिल्याच खेपेला सिद्ध व्हावं लागतं, कारण पहिल्या खेपेसाठीच कोणीतरी पोटाला चिमटा घेतलेला असतो. मी अनेक वर्षं संपादकाच्या टेबलाच्या या बाजूला बसले. नव्या लेखकांच्या संहितांमध्ये मला गुणवत्तेचा फरक वर्गाप्रमाणे कधी दिसला नाही. फरक दिसला तो दुसऱ्या खर्ड्यात. पहिला खर्डा परत केला की काही जण महिन्याभरात नवा आणून देत, आणि काही जण पुन्हा यायचेच नाहीत. न येणारे कोण असायचे, हे सांगायला नको.

आपल्याकडे वर्गाबरोबर जात चालते, ती वेगळी काढता येत नाही. तू तुझी जात लिहिलेली नाहीस, मी विचारत नाही. पण ऑफिसात तुझ्या बोलण्यावर जे हसले, ते नुसत्या पगारावर हसले नाहीत, एवढं तुलाही कळलं असणार.

मराठीतली मोठी नावं तुझ्यापुढे ठेवायचा मोह होतो. अनाथ म्हणून एका गिरणी कामगाराने वाढवलेले, स्वतः गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झालेले नारायण सुर्वे. त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले अण्णा भाऊ साठे. त्यांची 'फकिरा' कादंबरी १९५९ ची, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार. पण ही नावं 'बघा, त्यांनी करून दाखवलं' अशा सुरात सांगितली जातात, आणि तो सूर मला खपत नाही. अण्णा भाऊ १९६९ मध्ये अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, ते ओढगस्तीतच. वाचक होते, पुरस्कार होता, परदेशी भाषांत भाषांतरं होती. पैसा नव्हता.

त्यांच्या उदाहरणातून तुझ्या कामाचं जे आहे ते जिद्दीच्या गोष्टीत सांगितलंच जात नाही. ही माणसं एकटी नव्हती. अण्णा भाऊंच्या मागे कामगार चळवळ होती, अमर शेख आणि गवाणकरांबरोबरचं लाल बावटा कलापथक होतं, समोर ऐकायला बसलेले हजारो कामगार होते. सुर्व्यांना युनियन होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात 'शब्द'सारखी अनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून निघाली, कारण प्रस्थापित मासिकं या नव्या कवींच्या कविता घेत नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं, तेव्हा कितीतरी लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा असा संपादक मिळाला की ज्याला तळटीप देऊन आपलं जगणं समजवावं लागत नव्हतं. बड्या घरातल्या मुलीला मावशी असते. यांना मंडळ होतं, पथक होतं, मासिक होतं. तुला यातलं काहीतरी शोधावं लागेल, नाहीतर चार जणांत मिळून काढावं लागेल.

चार जण म्हणजे खरंच चार. महिन्यातून एकदा भेटायचं किंवा फोनवर जमायचं, प्रत्येकाने काहीतरी लिहून आणायचं, न आणणाऱ्याने पुढच्या वेळी दुप्पट वाचायचं. त्यातला एक जण तरी तुझ्याहून बरा लिहिणारा हवा, आणि एक जण तरी तोंडावर बोलणारा. 'सुंदर, अप्रतिम, लिहीत राहा' म्हणणारे गट टाळ. तिथे वेळ जातो आणि लेखन जागच्या जागी राहतं.

आई बँकेच्या परीक्षा दे म्हणते. दे. इंग्रजी कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लॉइड्स बँकेत नोकरीला होते, आणि ज्या दीर्घकवितेने इंग्रजी कवितेचं वळण बदललं ती १९२२ ची, म्हणजे त्याच नोकरीतली. त्यांना बँकेतून सोडवायला मित्र वर्गणी काढायला निघाले होते, पण एलियट काही त्या भरवशावर नोकरी सोडायला तयार झाले नाहीत. मला त्यांचं हे वागणं फार शहाणपणाचं वाटतं. तुझ्या आईला लेखन समजत नसेल, पण ठरावीक तारखेला येणाऱ्या पैशाने माणसाची पाठ कशी ताठ होते हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. बँकेची नोकरी लागली तर उलट तुझी मुभा वाढेल. फक्त तयारीच्या नावाखाली लेखन वर्ष-दोन वर्षं पूर्ण बंद ठेवू नकोस. बंद ठेवलेला हात पुन्हा सुरू करायला फार वेळ लागतो.

वेळेबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे पुस्तकी सल्ले फार मिळतात. पोस्ट खात्यात नोकरी करून ढीगभर कादंबऱ्या लिहिणाऱ्या अँथनी ट्रोलोपचं उदाहरण हमखास येतं. पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर, पाव तासाला अडीचशे शब्द. खरं आहे, त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. त्याच पानांत हेही आहे की त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा मिळत, आणि तो कॉफी घेऊन यायचा. म्हणजे साडेपाचच्या आधी दुसरंच कोणीतरी उठलेलं असायचं. तुझ्या घरी साडेपाचला आई कामावर निघायच्या गडबडीत असेल आणि वडील रात्रपाळीहून यायच्या वाटेवर. तेव्हा 'पहाटे उठून लिही' असं मी सांगणार नाही. आठवड्याचे असे तीन तास शोध, जे बहुतेक आठवड्यांत टिकतील. दवाखान्यातली जेवणाची सुट्टी असेल, रविवारची दुपार असेल, बसचा प्रवास असेल. तीनच, पण ठरलेले.

आणि जेवढा वेळ आहे त्याला पेलेल असा प्रकार निवड. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांनी स्वतःबद्दल लिहिलंय की लहान मुलं आणि पोटापाण्याची कामं यांमुळे त्यांना एका बैठकीत, फार तर काही बैठकांत पुरं होईल असंच काहीतरी लिहिणं भाग होतं, म्हणून कथा आणि कविता. कादंबरीला जी लांबलचक सलगता लागते ती त्यांच्याकडे नव्हती. तू कथाच लिहितेस, ते बरं आहे. कादंबरीचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नकोस, निदान आता नको.

लेखनाच्या आसपासची कामं पैसे देतात, तीही डोळ्यांसमोर ठेव. मालिकांचं संवादलेखन सगळ्यात बरं देतं, पण त्यात रात्री अकराला फोन येतो आणि सकाळी सातला सीन हवा असतो, नोकरी सांभाळून ते होत नाही. भाषांतर जमण्यासारखं आहे, घरून होतं. उपशीर्षकं, श्राव्य पुस्तकांच्या संहिता, पाठ्यसामग्री, जाहिरातीचा मजकूर. मुद्रितशोधनात पैसे कमी, पण त्याने हात सफाईदार होतो. यातलं एक शिकून घे, म्हणजे पुढे कधी दवाखाना सुटलाच तर थेट आडात पडणार नाहीस. फुकट लिहिण्याबद्दल माझा एक साधा नियम आहे. जिथे संपादकालाही पैसे मिळत नाहीत, अशा अनियतकालिकाला फुकट दे, आनंदाने दे. जिथे संपादकापासून शिपायापर्यंत सगळे पगारावर आहेत आणि फक्त लेखकाला 'व्यासपीठ' मिळतं, तिथे नको.

'ण' आणि 'न'. हसणाऱ्याचा राग येणं साहजिक आहे, पण त्याच्यावर फार शाई खर्चू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, एकूण अठरा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमापुढे अठरा नियम काहीच नाहीत. ते पाठ कर, कथेचं निवेदन त्यांप्रमाणे तपासून पाठव, म्हणजे आळशी संपादकाला पहिल्याच पानावर नाही म्हणायचं निमित्त मिळणार नाही. मात्र पात्रांच्या तोंडची भाषा धुऊन काढू नकोस. तुझ्या कथेत घड्याळजीची बायको बोलते तेव्हा ती कोणत्या घरातली, कोणत्या रागातली, हे चार शब्दांत कळतं. मग सहाव्या पानावर ती अचानक वर्तमानपत्रासारखं बोलायला लागते. तिथे तू घाबरलीस. तो परिच्छेद पुन्हा लिही.

कथेबद्दल बोलायला लागलेच आहे तर: तिसरं पान उत्तम. बंद पडलेल्या मनोऱ्याच्या घड्याळात तो माणूस शिरतो आणि वेळ बाहेरून जशी दिसते त्याच्या उलटी आतून दिसते, हे तू कुठेही अलंकारिक न होता लिहिलंयस. शेवट मात्र जबरदस्तीचा आहे. त्याला मारायची काही गरज नव्हती. मराठी कथेत माणसं फार मरतात.

संपादकांच्या 'आईवर लिही' या सल्ल्याबद्दल मला जास्त बोलायचंय. त्यांचा हेतू वाईट नसेल. दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'पासून पुढे दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांनी जी आत्मकथनं लिहिली, त्यांनी मराठीला तिचं तोंड आरशात दाखवलं. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की गरिबाघरच्या लेखकाकडून एकाच पुस्तकाची अपेक्षा होऊ लागली, त्याच्या आयुष्याची. ते दिलं की टाळ्या, आणि मग 'आता पुढे काय?' असा पडलेला चेहरा. सुखवस्तू घरातल्या मुलाने घड्याळजीवर लिहिलं तर ती कल्पनाशक्ती, तू लिहिलंस तर ते मूळ विषयापासून भरकटणं. हे मानू नकोस. खगोलशास्त्र, खून, भुतं, प्रेम, कशावरही लिही.

आईवर कधी लिहावंसं वाटलं तर लिही, पण तिला विचारून, आणि घाई न करता. इथे एक अगदी व्यवहारी गोष्ट आहे, जी त्या संपादकांच्या मनात आली नसावी. आई ज्या तीन घरी स्वयंपाक करते त्या घरांतही वाचणारी माणसं आहेत. त्यातल्या एका घरातला ओट्यापाशी झालेला अपमान तू हुबेहूब लिहिलास, तो छापून आला, कोणीतरी ओळखला, तर तुला वाहवा मिळेल आणि आईचं काम जाईल. सुखवस्तू लेखक आपल्या घराबद्दल लिहितो तेव्हा फार तर दिवाळीला नातेवाईक बोलत नाहीत. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' दुकानात बसून चोरून लिहिलं, वह्या घरच्यांच्या नजरेआड वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या, आणि ते वाचकांपुढे आलं १९८० च्या दशकात. लिहिणं आणि छापणं यांत अंतर ठेवायचा हक्क तुलाही आहे. तपशील हलवता येतात, तीन घरांचं एक करता येतं, काळ बदलता येतो. दया पवारांनी तर 'बलुतं'मध्ये स्वतःचेच दोन करून टाकले, सांगणारा दगडू आणि ऐकणारा दया. जवळचं दुखणं लिहिताना अशी फट ठेवली की हात कमी थरथरतो.

शेवटी थोडी कामाची माहिती. दिवाळी अंकांचा मजकूर मे ते जुलैच्या दरम्यान ठरतो, आणि अजूनही कित्येक संपादक न मागवलेल्या कथा वाचतात. एका वेळी एकाच अंकाला पाठव, तारीख लिहून ठेव, दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर कळवून दुसरीकडे दे. मानधनाबद्दल विचारणं असभ्य नाही. "कथा स्वीकारल्यास मानधन किती आणि केव्हा?" हे एक वाक्य स्वीकाराचं पत्र आल्यावर लगेच लिहायचं, अंक निघाल्यावर नव्हे. ज्या कथेचं मानधन राहिलंय ती छापणाऱ्यांनाही एक स्मरणपत्र जाऊ दे.

पुस्तकाइतक्या कथा झाल्या की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघ, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, वयाची मर्यादा ३५. म्हणजे घाई करायचं कारण नाही आणि दहा वर्षं झोपायचंही नाही. पुस्तक काढून देतो म्हणून तुझ्याकडेच पैसे मागणारे भेटतील, आणि ते फार गोड बोलतात. त्यांना पैसे देऊ नकोस. ते पैसे बहुधा आईच्या भिशीतले असतील. प्रवेशशुल्क घेऊन सगळ्यांनाच सन्मानपत्र देणाऱ्या स्पर्धाही त्याच माळेच्या.

करार वाचल्याशिवाय सही नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो हक्क भारतापुरता धरतात. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं कुठे दिसलं तर तिथे बोट ठेवून विचार. विचारल्यावर पुष्कळदा ते खोडलं जातं, कारण ते छापील मसुद्यात आधीपासूनच पडून असतं आणि आधीच्या कोणी विचारलेलं नसतं. कथेवर मालिका किंवा वेबसीरिज निघाली तर पैसा तिथेच असतो, म्हणून दृश्यमाध्यमाचे हक्क पुस्तकाच्या करारात सहज म्हणून देऊन टाकू नकोस.

घड्याळजीला जिवंत ठेवून कथा पुन्हा लिहिलीस की मला पाठव. एप्रिलच्या आत आली तर कोणत्या दिवाळी अंकांना द्यावी हेही सांगेन.